साहित्य : पारंपरिक

तो शब्द मी दोनदा वापरला. पहिल्यांदा वयाच्या एकविसाव्या वर्षी, माइकसमोर, घाबरून. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माझ्याच दुकानात बसून, भर उजेडात, चहा पीत. पहिल्या वेळेसाठी वय, वडील, गर्दी असं काहीबाही सांगता येईल. दुसऱ्या वेळेसाठी माझ्याजवळ काही नाही. म्हणून आधी दुसऱ्या वेळेचंच सांगतो.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला धारवाडची एक मुलगी माझ्या दुकानात आली. जुन्या हुबळीत आमचं दोरखंडाचं दुकान आहे. काथ्या, सुतळी, नायलॉन. ती दोर घ्यायला आली नव्हती. बंगळुरूत ती ध्वनिमुद्रणाचं काम करते, आणि आमच्या भागातल्या जुन्या रॉक बँडची गाणी गोळा करून त्यांची एक एलपी काढत होती. खरीखुरी काळी तबकडी, मोठं कव्हर, आत पुस्तिका. बेळगाव, हुबळी, धारवाड, गदग. ज्या पोरांनी गॅरेजात, गच्चीवर, कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीमागे वाजवलं आणि ज्यांची एकही कॅसेट कधी बाजारात आली नाही, अशा चौदा बँडचं एकेक गाणं. आमच्या बँडबद्दल तिला धारवाडातल्या एका टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं होतं.

मी माळ्यावरून कॅसेट काढून दिली. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, तुमचं गाणं पहिलं घेतेय. मधे सगळी वाद्यं एकदम गप्प होतात ना, चार मात्रा, त्या जागेसाठी घेतेय. आणि हा इतका कोरडा आवाज कुठल्या स्टुडिओत मिळाला?"

"स्टुडिओ कसला? आमचं गोडाऊन होतं," मी म्हणालो. "भिंतीला भिडून काथ्याच्या गुंड्या. आवाज सगळा त्यातच जिरायचा."

ती खूप हसली. मीही हसलो. मग तिनं फॉर्म पाठवला.

फॉर्म कन्नडमध्ये होता. गायन, वाद्यं, संगीत, साहित्य. कन्नडमध्ये गाण्याच्या शब्दांना साहित्य म्हणतात. आमच्या दुकानात साहित्य म्हणजे माल. गायन या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. वाद्यांसमोर आम्हा चौघांची. संगीत, पुन्हा माझं. साहित्य या रकान्याशी येऊन थांबलो. फार वेळ थांबलो असं म्हणायला मला आवडेल, पण हातातला चहा निवायच्या आत मी लिहून मोकळा झालो होतो : पारंपरिक.

एवढ्यावर भागलं नाही. खाली गाण्याचे शब्द लिहून द्यायचे होते. गाण्याची मुख्य ओळ 'मीटर पळतंय, अण्णा, मीटर पळतंय' अशी आहे. पारंपरिक गाण्यात मीटर कसा येईल, हे मला लिहितानाच कळलं. मी 'मीटर'च्या जागी 'मित्रा' लिहिलं. मित्रा, पळतंय. अर्थ लागत नव्हता, पण जुन्या गाण्यांतल्या सगळ्याच ओळींचा अर्थ कुठे लागतो, असं मी स्वतःला समजावलं. म्हणजे ती हातून निसटलेली चूक नव्हती. तिच्यावर मी डोकं चालवलं होतं.

ते गाणं लिहिणारी बाई जिवंत होती, आणि हे मला माहीत होतं.

आमच्या बँडचा ड्रमर माझा वर्गमित्र होता. उरलेल्या दोघांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. ड्रमरचे वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस होते. घर रेल्वे कॉलनीत, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, बोलणं आमच्यासारखंच अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्याची मोठी बहीण आमच्या गोडाऊनपासून चार दुकानं सोडून असलेल्या एसटीडी बूथवर बसायची. तिचा भाऊ तिला अक्का म्हणायचा म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो. बूथवर येणारे, तिच्या वडिलांच्या वयाचे हमालसुद्धा अक्काच म्हणायचे. आमच्या गावात बाईला हाक मारायची तर अक्काच. एकदा तो शब्द मिळाला की पुढे विचारायची गरज पडत नाही.

दुपारी बूथ तासभर बंद असायचा. तेव्हा ती भावाचा डबा घेऊन गोडाऊनमध्ये यायची. डबा एकाचा असायचा आणि जेवायचो चौघं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी अंबाडी. काथ्याच्या गुंडीवर बसून ती आमचं वाजवणं ऐकायची आणि नावं ठेवायची.

"काय रे हे? रोड रोलर आला काय?"

"अक्का, रॉक म्हणतात याला."

"दगड म्हण की मग, मराठीत. नुसताच दगड. शब्द कुठायत?"

शब्द आमच्याकडे नव्हते. इंग्रजी गाण्यांची नक्कल करायचो, अर्धे उच्चार चुकायचे. एका दुपारी तिनं बूथच्या बिलाच्या चिठ्ठ्यांच्या मागे लिहून आणलेलं गाणं वाचून दाखवलं. बूथमध्ये येणाऱ्या माणसांचं. परगावी गेलेल्या मुलाशी बोलताना मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलणं आवरणाऱ्यांचं. 'काचेमागं रडतंय कोण, बाहेर रांग वाढतीय. बोलायचं ते राहून गेलं, मीटर पळतंय, अण्णा, मीटर पळतंय.'

तिच्या भावानं ड्रमच्या काठ्या उचलल्या.

चाल मी लावली हे खरं आहे. पण ती चार मात्रांची जागा, जिच्यासाठी तबकडीवर गाणं पहिलं आलं, ती माझी नाही. तिसऱ्या कडव्याआधी अक्कानं हात वर करून आम्हाला थांबवलं होतं. डब्याच्या झाकणावर चमच्यानं एक टोला दिला आणि म्हणाली, "इथं गप्प बसा सगळे. फोन कट झाला की माणूस कसं गप्प बसतंय, तसं. हॅलो, हॅलो करायच्या आधी." आम्ही गप्प बसलो. तिनं बोटांवर चार मोजले, पुन्हा झाकण वाजवलं, आणि आम्ही सुटलो. कॅसेटवर अगदी लक्ष देऊन ऐकलं तर तो झाकणाचा टोला ऐकू येतो. फॉर्मवर वाद्यांच्या रकान्यात तोही मी लिहिला नाही.

आता पहिली वेळ.

विद्यानगरच्या आमच्या कॉलेजात मराठी मंडळाचं संमेलन होतं. मांडवाचे दोर आमच्या दुकानातून फुकट गेले होते, म्हणून वडिलांना पुढच्या रांगेत खुर्ची होती. त्यांच्या शेजारी कोल्हापूरकडचे पाव्हणे बसले होते. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाव्हण्यांना पोरगा काय करतो ते बघायचं होतं. पोरगा गिटार गळ्यात अडकवून उभा होता. मागे, खांबापाशी, बूथवरून सुटी काढून आलेली अक्का उभी होती. केसांत अबोलीचा गजरा. तो तिनं माळलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

गाणं झालं. त्या स्पीकरांतून कुणाला किती शब्द कळले देव जाणे, पण पोरांनी शिट्ट्या मारल्या. निवेदन करणारे आमचे मराठीचे सर जुन्या रीतीचे होते. भावगीताच्या कार्यक्रमात विचारतात तसं, हातात कागद घेऊन त्यांनी मला माइकवरच विचारलं, "वा. संगीत कोणाचं?"

"माझं."

"आणि गीत?"

माझ्या पुढे वडील आणि पाव्हणे. नाव घेतलं की आडनाव येणार. आडनाव आलं की पाव्हणे एकमेकांकडे बघणार, मग वडिलांकडे, मग घरी गेल्यावर कोणी तरी विचारणार की तुमच्या मुलाची ऊठबस कुठे कुठे असते. हे सगळं मी तेव्हा एवढं नीट मांडून पाहिलं नव्हतं. तोंडातून नुसता शब्द आला.

"पारंपरिक, सर."

"अरे वा! लोकगीताला नवा साज!" असं म्हणून सरांनी पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. मी खांबाकडे बघितलं. अक्का तिथेच उभी होती. टाळ्या ती पण वाजवत होती. हळूहळू, इतरांचं बघून वाजवावं तशी.

तिचा भाऊ स्टेजवरच ड्रमचे स्क्रू सोडू लागला. मी जवळ गेलो तेव्हा मान वर न करता म्हणाला, "कुणाला भ्यालास रे? तुझ्या बापाला का माझ्या आडनावाला?"

"तसं नाही रे, ऐनवेळी..."

"ऐनवेळी बरोबर सुचलं की." त्यानं झांज कापडात गुंडाळली. "पारंपरिकच हाय हे. तुमच्याकडं हे पारंपरिकच हाय."

तो गोडाऊनमध्ये परत आला नाही. आमचं वाजवणं तिथेच संपलं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. संमेलनानंतर घरी जेवताना वडील ताटातून नजर न उचलता म्हणाले, "त्या बूथवरच्या पोरीचं गाणं ना ते? गुणगुणत असते ती नंबर लावताना." वडील रोज तिच्याच बूथवरून केरळच्या काथ्यावाल्यांना फोन लावायचे. मी हो म्हणालो. त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. "बरं केलंस. पाव्हणे होते." मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर बरेच दिवस मी बूथपुढून जाताना पलीकडच्या बाजूनं गेलो. वर्षभरात बूथवर दुसरंच कुणी तरी बसू लागलं.

बहिणीचं ते लग्न जमलं नाही. वेगळ्याच कारणानं.

एलपीवाल्या मुलीचा फोन सोमवारी आला. यावेळी आवाजात आनंद नव्हता.

"सर, मी टेप साफ केली. खरखर काढली. आता शब्द स्वच्छ ऐकू येतात." ती नेहमीसारखी कन्नडमध्ये बोलत होती, मधूनच मला बरं वाटावं म्हणून मराठीत. "इदु मित्रा अल्रि. हे मित्रा नाही. मीटर. मीटर पळतंय. पुढं 'काचेमागं' आहे. हे एसटीडी बूथ आहे ना?"

मी दुकानात एकटा होतो, तरी फोन घेऊन आत गोडाऊनकडे गेलो.

"सर, पारंपरिक गाण्यात एसटीडी बूथ कसा?"

"जुनी कॅसेट आहे. मला आता नीट..."

"तुम्हीच गायलंय, सर."

चार मात्रांपेक्षा खूप जास्त वेळ गेला.

"कव्हर गुरुवारी बारा वाजता छपाईला जातं," ती म्हणाली. "बारानंतर काही बदलता येणार नाही. लिहिणारं माणूस आहे, आणि मी पारंपरिक छापलं, तर ते मी चोरल्यासारखं होईल. मी गाणं काढून टाकीन. तेरा गाण्यांची तबकडी काढीन. कोणी लिहिलंय?"

"आमच्या ड्रमरच्या बहिणीनं."

"नाव?"

मी तोंड उघडलं. अक्का एवढंच आलं. त्यापुढे काहीच नव्हतं. तिच्या हातची भाकरी मी दोन वर्षं खाल्ली, तिचं गाणं पारंपरिक म्हणून गायलो, तिच्या गजऱ्यातली फुलं मला आठवत होती, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. विसरलो नव्हतो. कधी विचारलंच नव्हतं.

"गुरुवारी बाराच्या आत पूर्ण नाव आणि त्यांची सही," ती मुलगी म्हणाली. "इल्लांद्रे बिडोण." नाहीतर सोडून देऊ.

ड्रमरचा नंबर मिळवायला मंगळवारची दुपार झाली. तो आता मिरजेला रेल्वेत आहे. मी माझं नाव सांगितलं.

"बोल. दोर संपले काय दुकानातले?"

मी सगळं सांगितलं. फॉर्मचं सांगितलं. मीटरचं मित्रा केलं तेही सांगितलं, कारण ते त्याला कधी ना कधी कळणारच होतं.

"म्हणजे दोनदा," तो म्हणाला.

"दोनदा."

"आता कशाला फोन केलास?"

"अक्काचं नाव पाहिजे. पूर्ण नाव."

तो हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "सत्तावीस वर्षांनी नाव विचारतोस? ते बी मला? फोनवर?"

"गुरुवारी बाराला छपाई..."

"मग पळ की. मीटर पळतंय." मग त्याचा आवाज खाली आला. "नाव मी सांगणार नाही. अळणावरला हाय ती. सरकारी दवाखान्यात सिस्टर. जा, तिच्या तोंडाकडं बघून विचार."

बुधवारी मी जायला हवं होतं. गेलो नाही. दुकानात माल उतरायचा आहे असं बायकोला सांगितलं. माल उतरला सकाळी दहाला. त्यानंतर दिवसभर मी बसून होतो. एकदा मनात आलं, काढून टाकू दे गाणं. तेरा तर तेरा. कुणाला कळणार आहे? अक्कालाही कळणार नाही. हा विचार मनात आला आणि मला बरं वाटलं. जेवताना ताकाची वाटी हातात घेतली तेव्हा ते बरं वाटणं मी ओळखलं. ते माझ्या ओळखीचंच होतं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघालो. धारवाडच्या पुढे गाडी क्रॉसिंगला अडकली ती अडकलीच. समोर साग, मागे साग, मधे आम्ही. डब्यातले लोक निवांत शेंगा सोलत होते. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. अळणावरला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेअकरा.

दारात एकाला विचारलं, "सिस्टर?"

"यावाग नोडिदरू अक्का अल्ले इरतार्री." अक्का कधीही बघा, तिथंच असतात. म्हणजे इथेही तिला नाव नव्हतं.

लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाक, बाकावर वीस-पंचवीस माणसं. टोकाला टेबल आणि टेबलामागे ती. केस निम्मे पांढरे, चष्मा, पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर. मी रांगेत उभा राहिलो. रांग सोडून पुढे जायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रांग आहे हे मला हवंच होतं. ती पुढे सरकत होती हेच तेवढं वाईट होतं.

माझा नंबर आला. तिनं रजिस्टरची नवी ओळ धरली.

"हेसरु?"

मी नाव सांगितलं.

"ऊरु?"

"हुबळी."

"वयस्सु?"

"नलवत्तेंटु." अठ्ठेचाळीस.

पेन एकदाही थांबलं नाही. "एन आगेत्रि?" काय झालंय, असं ती तिथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती.

"अक्का," मी मराठीत म्हणालो, "मी... तो गोडाऊनमधला."

तिनं मान वर केली. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, मग रजिस्टरवर बोट ठेवलं.

"ते कळलं की. हे बघ, लिहिलंय. आडनावासकट. स्वतःचं नाव सांगायला तुला काय जड गेलं नाही." आणि हातानंच बाक दाखवला. "तिथं बस. पेशंट हायत."

मी बसलो. तिनं एका मुलाचा ताप बघितला. एका बाईला गोळ्या समजावून सांगितल्या, दोनदा. एका म्हाताऱ्याचं बीपी घेतलं, तो काहीतरी बोलला, ती हसली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले, मग अकरा वीस. खिशातला फोन थरथरला. एलपीवाल्या मुलीचा. मी उचलला नाही. अकरा पंचवीसला अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "हं. बोल आता."

मी टेबलाजवळ उभं राहून सांगितलं. तबकडी, फॉर्म, दोन्ही वेळा, सगळं. आवाज खाली ठेवून. तिला भावानं फोन केला होता की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. शेवटी मी म्हणालो, "अक्का, चूक झाली."

"झाली?"

तिनं रजिस्टर बाजूला सारलं.

"गाणं आपोआप झालं. चूक बी आपोआप झाली." तिनं पेनाचं टोपण लावलं. "तुमच्याकडं कोण काय करतच नाही काय रे?"

बाकावरच्या एका म्हातारीला मराठी कळत असावं. तिनं फिस्सकन हसून तोंडाला पदर लावला.

"आता काय पायजे?" अक्कानं विचारलं.

"कव्हरवर तुमचं नाव घालायचं आहे. बाराच्या आत."

"तुमचं? तेव्हा अगं म्हणायचास."

"तुझं."

"काय हाय माझं नाव?"

"ठाऊक नाही."

"मग इतकी वर्षं मला काय म्हणून आठवत होतास?"

"अक्का."

"अक्का सगळ्या गावाची हाय," ती म्हणाली. "ते बी पारंपरिकच."

तिनं केसपेपरचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर नाव लिहिलं. सावकाश, फॉर्म भरताना लिहितात तसं सुटं सुटं. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली सही केली. कागद माझ्याकडे सरकवला. "आडनाव काढायचं नाही. फोन लाव."

फोन लावला. अक्का म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. एलपीवाल्या मुलीनं मला ते तीनदा म्हणायला लावलं, एकेक अक्षर, ळ कुठला आणि ल कुठला. व्हरांड्यातले सगळे ऐकत होते. नंतर मी सहीचा फोटो पाठवला. रेंज येईना. फोन हातात धरून मी पायरीपर्यंत गेलो, पुढे अंगणात, कडुलिंबाखाली, परत पायरीवर. अकरा त्रेपन्नला त्या मुलीचा निरोप आला : बंतु. आलं. त्याखाली आणखी एक ओळ होती, डब्याच्या झाकणाचा आवाज कोणाचा ते विचारणारी. मी तेही कळवलं.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. माझंही नाही. पण तिचं नाव मी भिऊन गाळलेलं नाही. ते जिथे छापायचं होतं तिथे छापलं गेलं आहे, पहिल्या गाण्यापुढे, आडनावासकट. तिथे ते वाचावं.

मी आत आलो. कागदाची घडी करून खिशात ठेवली. आता निघावं असं वाटलं. काम झालं होतं.

"निघालास?" अक्का म्हणाली. तिनं पुढच्या पेशंटला हातानं थांबवलं होतं. "तेव्हा माइकवर बोललास. सगळ्यांपुढं. आज माझ्या कानात सांगून जाणार काय?"

बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती. तापाचा मुलगा, गोळ्यांची बाई, बीपीवाला म्हातारा. एकाचीही माझी ओळख नव्हती. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तरी पुढच्या रांगेत कुठे खुर्ची आहे का, असं मी बघून घेतलं.

आधी कन्नडमध्ये सांगितलं. एक गाणं आहे, ते पारंपरिक आहे असं मी लोकांना सांगितलं, पण ते या अक्कानं लिहिलंय. मग तिचं नाव घेतलं, पूर्ण. म्हणालो, मी ते लपवलं, दोन वेळा, कारण त्यांचं आडनाव माझ्या घरच्या माणसांसमोर घ्यायला मी भ्यालो. मला विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. शेवटी सवयीनं तोंडात 'तप्पात्रि' आलं. चूक झाली. पुन्हा तेच, आपोआप झालेलं. मी ते गिळलं.

"ना तप्प माडीन्रि," मी म्हणालो. मग तिच्याकडे वळून मराठीत. "अक्का, चूक झाली नाही. मी केली. मला माफ कर."